ड्यूटी असती तर

मधलीच्या शिक्षणाला या घरात कोणाचाही विरोध नव्हता, आणि खरी पंचाईत तिथेच होती. विरोध असता तर तिला कोणाशी तरी भांडता आलं असतं. पण इथे जो तो म्हणायचा, "शिक की, आमची कुठे हरकत आहे?" आणि एवढं म्हटलं की आपण तिच्यासाठी बरंच काही केलं अशा समाधानात तो आपल्या कामाला लागायचा. काचकारखान्यात पूर्ण पाळी करायची, संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन बसायचं, आणि पाळी रात्रीची असली तर कॉलेजातून परस्पर कारखान्यात जायचं. रसायनशास्त्राच्या पदवीची सगळी वर्षं मधलीने या बिनहरकतीवर काढली होती. शेवटचा एक पेपर राहिला होता. तो काल दुपारी होता, आणि काल दुपारी ती या घरात गाढ झोपलेली होती.

आज पाळ्या बदलण्याचा दिवस. एरवी या घरातली माणसं एकमेकांना येता-जाताना दारात भेटायची; आठवड्यातून या एका दुपारी सगळी एका टेबलाशी बसायची. अण्णा टेबलाच्या टोकाला, भट्टीवरून निवृत्त झाले तरी पाठ अजून उष्णतेकडे करून बसल्यासारखे जरा पुढे वाकलेले. शेजारी आई, तिने दवाखान्यातल्या चादरींच्या खोलीतून आज लवकर सुटी घेतली होती. समोर थोरला आणि वहिनी. खिडकीपाशी शिवणयंत्रावर काकू, अण्णांच्या धाकट्या भावाची विधवा. ती जेवायला नेहमी सगळ्यांच्या शेवटी यायची. आणि मधली, रात्रपाळी करून आलेली, अंगावरचे कपडेही न बदललेली. सकाळपासून तिने अंथरुणाला पाठ टेकली नव्हती. झोपेची तिला आता धास्तीच बसली होती.

"पाव दे जरा इकडे," थोरला म्हणाला.

मधलीने पाव दिला नाही. "काल बारा वाजता माझा फोन कोणी बंद केला?"

दुसऱ्या घरात हा आवाज साधाच वाटला असता. इथे मात्र सगळ्यांचे हात थांबले. कारखान्याची भट्टी कधी विझत नाही, त्यामुळे या घरातही कोणी ना कोणी कायम झोपलेलं असायचं, आणि जागे असलेले सगळे त्याच्या झोपेची राखण करायचे. खुर्च्यांच्या पायांना खालून लोकरीचे तुकडे चिकटवलेले. काकूचं शिवणयंत्र दुमडलेल्या घोंगडीवर. दाराच्या घंटीला फडकं गुंडाळलेलं. झोपलेल्याचा फोन स्वयंपाकघरातल्या खणात, टॉवेलच्या घडीत. कोणाला उठवायचं झालं तर हाक मारायची नाही. जाऊन पायाचा अंगठा धरायचा आणि हळूच म्हणायचं, "ऊठ, ड्यूटी आहे." तीन पिढ्या अशाच उठल्या होत्या. लहानपणी तर मुलांना वाटायचं, जगात सगळीकडे माणसं पायाकडूनच जागी होतात.

"मी केला बंद," वहिनी म्हणाली. "खणात त्याचा गजर वाजत होता. पण मी लगेच जाऊन अण्णांना सांगितलं हो. तुला उठवायचं त्यांच्याकडे होतं."

"मी बजावून गेले होते," आई म्हणाली. "दारातून परत येऊन बजावलं. बाराला उठवा, दोनला तिचा पेपर आहे."

आईचा आवाज दुखावलेला होता, आणि तिचं बरोबरच होतं. काल संध्याकाळी कामावरून आली तेव्हा तिला वाटलं होतं मुलगी पेपर देऊन हसत बसली असेल. मुलगी पायरीवर बसलेली, अंगात घरातले कपडे, पायात बाहेरचे बूट. चार वाजता आपोआप जाग आली होती, ऊन भलत्याच भिंतीवर पाहून उठली होती आणि तशीच कॉलेजात पळाली होती. तिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधणं चाललं होतं. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, पुढच्या वर्षी. आईने ते ऐकलं तेव्हापासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

आता सगळे अण्णांकडे बघत होते.

"गेलो होतो मी," अण्णा म्हणाले.

खरोखरच गेले होते. पडदा सारून आत गेले, पायाशी वाकले, तिचा अंगठा दोन बोटांत धरलासुद्धा. पाऊल गार होतं. तोंड उघडं ठेवून ती लहानपणी झोपायची तशी झोपली होती. आदल्या दिवशी कोणी कामावर आलं नाही म्हणून तिच्या गळ्यात लागोपाठ आणखी एक पाळी पडली होती, हे त्यांना ठाऊक होतं. आणि अंगठा धरल्या धरल्या त्यांना दुसरं एक पाऊल आठवलं, त्यांच्या धाकट्या भावाचं. त्यांनी अंगठा सोडला. पडद्याला फट राहिली होती ती नीट जुळवली आणि चोरपावलांनी बाहेर आले. चार वाजेपर्यंत त्यांना वाटत होतं की आपण आज एक चांगलं काम केलं.

"तुझ्या तोंडाकडे बघवेना," अण्णा म्हणाले. "डबल करून आलेलीस. म्हटलं, पेपर काय, पुन्हा येईल. माणूस पुन्हा येत नाही."

"डबल करून आले होते म्हणूनच सांगून झोपले ना, अण्णा? नाहीतर माझी मी उठले असते."

"बरं, आता जे झालं ते झालं," थोरला मधे पडला. भावंडांतल्या मोठ्याने मधे पडायचं असतं अशी त्याची समजूत होती आणि तो नेमका चुकीच्या जागी पडायचा. "एकच तर पेपर राहिलाय. लोक वर्षानुवर्षं अडकून पडतात. पुढच्या वर्षी दे."

"आणि प्रयोगशाळेतली जागा?"

"ती काय पळून जातेय?"

जागा पळूनच जाणार होती, आणि हे थोरल्याला पक्कं माहीत होतं, कारण तोही त्याच कारखान्यात क्रेन चालवायचा. प्रयोगशाळेतले गृहस्थ वर्षाअखेरीला निवृत्त होत होते. साहेबांनी मधलीला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, तोवर पदवी हातात असू दे, त्या स्टुलावर तू बस. तिथे खिडकी होती. ट्रकमधून आलेली वाळू तपासायची, वितळलेल्या काचेचा नमुना घ्यायचा, काय कमी आहे, काय जास्त आहे ते सांगायचं. आता ती पांढऱ्याशार उजेडासमोर बसून पट्ट्यावरून येणाऱ्या बाटल्या बघायची: तडा, बुडबुडा, खडा. वाईट बाटली दिसली की उचलून फोडायच्या पेटीत टाकायची. पाळी संपल्यावर डोळे मिटले तरी बाटल्या चालतच राहायच्या. ती बाटली वाईट का निघाली, हे विचारायची तिथे सोय नव्हती. ते कळावं म्हणून तर ती कॉलेजात गेली होती.

"एवढं महत्त्वाचं होतं तर रजा टाकायची होतीस," थोरला म्हणाला.

"मागितली होती. तेही म्हणाले, हरकत काहीच नाही, फक्त बदली माणूस मिळत नाहीये." मधलीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "दादा, तुझी काल कुठली पाळी होती?"

"दुसरी. का?"

"म्हणजे एक वाजता तू घरात होतास."

"होतो, पण झोपलो होतो. मला कशाला मधे घेतेस?"

"झोपला होतास. मग उठलास कसा?"

थोरल्याने बायकोकडे पाहिलं.

"मी उठवलं त्यांना," वहिनी म्हणाली.

"का उठवलंस, वहिनी?"

"का म्हणजे? ड्यूटी होती ना त्यांची."

वाक्य तोंडातून गेलं आणि वहिनीला ते ऐकू आलं. तिने हातातला डाव भांड्यात सोडला.

मग मधली ओरडली. या घराच्या भिंतींनी कोणाचं ओरडणं कधी ऐकलं नव्हतं. पहिला शब्द तर तिचा तिलाच परका वाटला.

"पलीकडच्या खोलीत! मधे एक पडदा! त्याचा अंगठा धरून त्याला उठवलंत, त्याला चहा दिलात, त्याचा डबा भरलात, आणि माझ्या खोलीवरून चवड्यांवर चालत गेलात! आणि वर मला सांगता, माझी दया आली? मग त्याची का नाही आली? तोही दमलेलाच होता ना? मी ड्यूटीला झोपून राहिले असते तर या घरातल्या चौघांनी मला खाटेसकट उचलून कारखान्याच्या फाटकात नेऊन ठेवलं असतं. पण पेपर. पेपर काय, मधलीची हौस. कोणी विणकाम करतं, ही परीक्षा देते."

"आवाज खाली घे," आई म्हणाली.

मधलीने चमकून आईकडे पाहिलं. आतापर्यंत ती तिच्या बाजूने होती. पण अण्णांची मान खाली गेलेली आईने पाहिली होती, आणि कालपासूनचा अबोला तिथल्या तिथे संपला होता. नवऱ्याला बोलायचा हक्क आपला, मुलांचा नाही, हा तिचा जुना हिशोब होता.

"त्यांच्याशी या आवाजात बोलायचं नाही. त्यांनी वाईट चिंतून केलं का? या घराने काय पाहिलंय ते तुला ठाऊक आहे. तुझ्या काकांना भर झोपेतून उठवलं आणि त्या रात्री भट्टीवर त्यांचा डोळा लागला. तेव्हापासून यांनी कोणाची झोप मोडली नाही. तुझी मोडली नाही, हा एवढा मोठा गुन्हा झाला?"

खिडकीपाशी शिवणयंत्र थांबलं.

घोंगडीवरच्या त्या यंत्राचा आवाज इतका मंद होता की चालू असताना तो लक्षात यायचा नाही. थांबला तेव्हा सगळ्यांनी तिकडे पाहिलं. काकूने सुईखालचं कापड बाजूला केलं. नवरा गेल्यापासून या घराने तिला फार जपलं होतं. इतकं, की त्याच्या मरणाबद्दल सगळे बोलायचे आणि तिला कधी कोणी काही विचारायचं नाही. नियम त्याच्या नावाने झाला, खुर्च्यांना लोकर त्याच्या नावाने लागली. ती गप्प राहिली. पण आज तिच्या नवऱ्याला उचलून एका मुलीच्या तोंडात बोळा म्हणून कोंबायला निघाले होते, आणि हे तिला सहन होईना.

"त्यांना मधे आणू नका," काकू म्हणाली. "ते कशासाठी उठले होते ते सांगा. सगळं सांगा."

"आता कशाला ते," अण्णा पुटपुटले.

"पाहुणे आले होते. म्हणून उठवलं त्यांना. नुसतं तोंड दाखव आणि परत झोप म्हणून. तोंड दाखवलं, मग चहा झाला, मग गप्पा झाल्या, आणि पाळीची वेळ झाली. काम नव्हतं काही. बिनकामाचं उठवलं होतं." काकू उठून टेबलाशी आली. "भावोजी, तुम्हीच तेव्हा हात धरून मला म्हणालात, या घरात आता कोणाला बिनकामाचं उठवणार नाही. मी ऐकलंय. तो नियम होता. मग मला एवढंच सांगा, तिचा पेपर बिनकामाचा होता का?"

अण्णांनी पुढ्यातलं ताट मागे सरकवलं. भट्टीसमोर उभी हयात काढलेला माणूस, पण त्या खुर्चीत त्यांना घाम फुटला होता.

"हे बघ काकू," थोरला घाईने म्हणाला, "मी हिला सांगितलं होतं. अर्ध्या तासाने मधलीला उठव म्हणून. हिच्या लक्षात राहिलं नसेल."

वहिनी हळूहळू नवऱ्याकडे वळली. मधलीचं कॉलेज सुरू झाल्यापासून संध्याकाळची भांडी तिच्या वाट्याला आली होती, आणि त्याबद्दल तिच्या मनात अढी होती. आत्ता दहा मिनिटांपूर्वीपर्यंत ती मनात म्हणत होती, बरी जिरली. पण भांडी घासून वर हा आळ घ्यायची तिची तयारी नव्हती.

"माझ्या लक्षात राहिलं नाही?" ती म्हणाली. "तुम्ही बूट घालत होतात. मी विचारलं, एक वाजून गेलाय, मधलीला उठवू का? तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणालो?"

"म्हणालात, झोपू दे बिचारीला."

थोरल्याला ते आठवलं. किती सहज निघालं होतं ते तोंडून. फार वर्षांपूर्वी तोही त्याच कॉलेजात जायचा. पहिल्याच वर्षी त्याने ते सोडलं, आणि नोकरी करून शिकणं माणसाच्या आवाक्यातलं नाही असं सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मानलंही. मग मधलीने नाव घातलं. ती या टेबलावर पुस्तक उघडून बसली की तो ताट उचलून दुसरीकडे जायचा. बहिणीचं वाईट व्हावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. पण काल बूट बांधताना 'झोपू दे' म्हणाला तेव्हा त्याला बरं वाटलं होतं, हे मात्र खरं. का बरं वाटलं, याच्या खोलात तो काल गेला नव्हता. आज जावं लागलं, आणि तेही बहिणीच्या नजरेसमोर.

"बिचारी," मधली म्हणाली. ओरडणं संपलं होतं, आवाज आता बसला होता. "मी बिचारी नाही, दादा. मी दमलेली होते. दमलेल्या माणसाला ज्याच्यासाठी तो दमलाय तिथे पोचवायचं असतं. तुम्ही मला माझ्या दारातच आडवी ठेवलीत."

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले. "आता काय करू ते सांग. कॉलेजात येऊ का तुझ्याबरोबर? पाया पडतो त्यांच्या."

"काही करू नका. फक्त हरकत नाही असं पुन्हा म्हणू नका मला."

ती उठली. "उद्यापासून माझी पहिली पाळी. उठवायची काळजी करू नका," एवढं म्हणून खोलीत गेली आणि पडदा ओढला. तो रागाचा शेवटचा झटका असेल असं सगळ्यांना वाटलं. जेवणं कशीबशी उरकली. भांडी आईने घासली.

पहिल्या पाळीला जायचं तर उजाडायच्या आत उठावं लागतं. अण्णांना झोप अशी लागलीच नव्हती. परवासारखं आज काही झालं तर पोरगी आपलं तोंड पाहणार नाही, या धाकाने ते वेळेच्या आधीच उठले आणि भिंतीला हात लावत तिच्या खोलीकडे निघाले. पडद्यापाशी कोणीतरी उभं होतं. आई होती.

"तू कशाला उठलीस?"

"तुमचा काय भरवसा?" आई कुजबुजली.

तेवढ्यात मागून वहिनी आली, केसांची गाठ मारत. तिच्या मागे थोरला, एक मोजा पायात आणि एक हातात. त्याची आज सुटी होती. त्या अरुंद बोळकांडीत चौघं अनवाणी, चवड्यांवर, एकमेकांचे कोपर चुकवत उभे राहिले. अण्णा आत शिरले, अंधारात वाकले आणि खाटेच्या पायथ्याशी हात नेला. हाताला घडी केलेलं पांघरूण लागलं.

स्वयंपाकघरात दिवा होता.

मधली टेबलाशी बाहेर जायच्या कपड्यांत बसली होती, केस विंचरलेले, पिशवीत पुस्तकं. समोर काकू कपात चहा ओतत होती. मधलीने दारातल्या माणसांकडे पाहिलं, एकेकाकडे, सावकाश.

"चौघं आलात," ती म्हणाली.

"तुझी ड्यूटी आहे ना," अण्णा म्हणाले.

"हो. म्हणूनच."

थोरला हातातल्या मोज्याकडे बघत राहिला. वहिनीने पदराने उगाच तोंड पुसलं.

"आज मी कामावर जात नाही," मधली म्हणाली. "तसं कळवलंय. या वेळी विचारलं नाही, कळवलं. आमचे सर सकाळच्या कॉलेजातही शिकवतात, सातच्या तासाला येतात, त्यांना गाठायचंय. पुढच्या वर्षाआधी पेपर घेता येत असेल तर बघू. नसेल तर पुढच्या वर्षीसाठी नाव घालीन आणि तिथून साहेबांकडे जाईन. जागा गेली तर जाईल. पण माझ्या तोंडून त्यांना कळू दे की मी पेपरला का गेले नाही."

"काय सांगणार आहेस?" आईने विचारलं.

"घरात सगळे जागे होते, हे सांगेन."

अण्णा पुढे येऊन खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे राहिले. "तुला उठवलं कोणी?"

"मी काकूला सांगून झोपले होते."

"त्यात काय अवघड आहे?" काकू कप पुढे सरकवत म्हणाली. "अंगठा धरला आणि म्हटलं, ऊठ, कॉलेज आहे. लगेच उठली."

मधलीने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला, पिशवी खांद्याला लावली आणि चौघांच्या मधून वाट काढत बाहेरच्या दाराशी गेली. या घरात दार लावताना एक तळवा फळीवर ठेवून ते दाबत दाबत लावायचं असतं, कडीचा आवाज होऊ द्यायचा नसतो. हे तिला चालायला लागल्यापासून माहीत होतं. तिने दार आपटलं नाही. तळवाही ठेवला नाही. बाकीच्यांच्या घरी लावतात तसं तिने ते नुसतं ओढून घेतलं, आणि कडी सगळ्या घराला ऐकू गेली.